मसाला आणि औषध

कॅमेरूनच्या पश्चिम भागातील बामिलेके घरांत बाळंतिणीला ‘न्कुई’ नावाचे सार देतात. झुडपाची साल पाण्यात चोळून काढलेला बुळबुळीत रस, त्यात कुटलेले नाना मसाले आणि सोबत मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. आपल्या अळिवाच्या खिरीमागे जी समजूत, तीच यामागे: बाळंतिणीला दूध यावे. झायलोपिया या झाडाच्या वाळलेल्या काळ्या शेंगा हा तिथल्या मसाल्यांतला महत्त्वाचा घटक. नायजेरियातले इग्बो त्यांना ‘उदा’ म्हणतात आणि तेही त्या बाळंतिणीच्या तिखट सारात घालतात.

या शेंगांकडे संशोधक वळले ते निराळ्या कारणाने. कॅमेरूनच्या द्शांग विद्यापीठातील व्हिक्टर कुएते आणि जर्मनीतील माइन्त्स विद्यापीठाचे थॉमस एफर्थ यांच्या गटाने तिथल्या मसाल्यांचे अर्क कर्करोगाच्या पेशींवर तपासले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात झायलोपियाच्या अर्काने मिलिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून कमी मात्रेत रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना आवर घातला. डॉक्सोरुबिसिन या प्रचलित औषधाला दाद न देणाऱ्या पेशीही त्यात होत्या. औषधाला न जुमानणारा कर्करोग ही डॉक्टरांची मोठी डोकेदुखी असल्याने या निष्कर्षाचे मोल अधिक.

मात्र प्रयोगशाळेत अर्क थेट पेशींवर पडतो. पोटात गेलेला मसाला पचतो, यकृतात त्याचे रूप बदलते आणि रक्तात पोहोचणारा अंश नगण्य असू शकतो. शिवाय निरोगी पेशींना धक्का न लावता कर्करोगाच्या पेशी मारणे, हीच तर खरी कसोटी. दुसरा धोका मिसळणीचा. तिथल्या मसाल्यांतल्याच पश्चिम आफ्रिकी मिरीत आपल्या मिरीप्रमाणेच पायपरिन असते आणि काही औषधांचे विघटन करणाऱ्या यकृतातील विकरांना ते अडवते. जेवणातल्या चिमटीची चिंता नको; पण तीव्र अर्काच्या गोळ्या केमोथेरपीसोबत घेतल्यास औषधाची रक्तातील पातळी बदलू शकते.

म्हणून ही परंपरा मोडीत काढायची का? मुळीच नाही. आपल्या अंगणातली सदाफुली मूळची मादागास्करची. मधुमेहावरच्या लोकोपचारामुळे कॅनडातील संशोधकांनी १९५० च्या दशकात तिची पाने तपासली. रक्तातली साखर काही उतरली नाही, पण प्रयोगातल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. याच वनस्पतीतून व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधे मिळाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिन आजही शिरेतून, काटेकोर मात्रेत देतात. पाने चघळणे मात्र विषबाधेला आमंत्रण.

झायलोपियाला घटक वेगळा काढण्यापासून मानवी चाचण्यांपर्यंतची हीच वाट चालायची आहे. त्यासाठी आफ्रिकी विद्यापीठांना पैसा हवा आणि औषध हाती आलेच, तर २०१० च्या नागोया करारातील तत्त्वानुसार हे ज्ञान जपणाऱ्या समाजांना नफ्यातला वाटाही. तोवर पाकिटावर ‘कर्करोगनाशक’ छापणाऱ्यांना लगाम घालावा. रुग्णांनी मसाला खुशाल ताटात घ्यावा, अर्काची गोळी घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे आणि चालू उपचार सोडू नयेत.