संगणक कट्टा : पेनड्राइव्ह एक, ओळी दोन

मंडळी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. सिम लिम स्क्वेअरला नवा लॅपटॉप घेण्याऐवजी मी जुन्यावरच लिनक्स बसवलं. पण सुरू करताना विंडोज यादीतून गायब! आईबाबांचे सगळे फोटो त्यातच.

पुसलं काहीच नव्हतं. बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो. मी ‘यूईएफआय’ न लिहिलेली ओळ निवडली होती. विंडोज यूईएफआय पद्धतीचं असेल, तर लिनक्सही तसंच बसवा.

पेनड्राइव्हवरून लिनक्स उघडल्यावर ‘सिस’मधल्या ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ फोल्डर आहे ना, पाहा. नसेल तर तिथेच थांबा, दुसरी ओळ निवडा. आणि सगळ्यात आधी फोटोंची प्रत काढा!