मुलांच्या वॉर्डात हे काम कोणाचे?

प्रति,
मा. मंत्री व सचिव, सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन;
शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे सर्व अधिष्ठाता आणि सर्व जिल्हा शल्यचिकित्सक



मी एका शासकीय रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात समाजसेवा अधीक्षक आहे. सकाळचा राउंड झाला की आमच्याकडे सलाईन, रक्ताचे नमुने, ड्रेसिंग सुरू होते. चार वर्षांच्या मुलाला टेबलावर आडवे करतात, दोघे मिळून हातपाय धरतात, आईला बाहेर थांबायला सांगतात आणि दार लोटून घेतात. यात कोणाची क्रूरता नसते. शीर शोधणारा निवासी डॉक्टर रात्रभर जागा असतो आणि सिस्टरला अजून अर्ध्या वॉर्डाची इंजेक्शने द्यायची असतात. घाबरलेल्या मुलाला कसे सांभाळायचे हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. आणि ते सांभाळणे वॉर्डात कोणालाच नेमून दिलेले नसते. हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे.

रुग्णालयात आईपासून तुटलेल्या मुलाचे काय होते हे जगाला कळून सत्तर वर्षे झाली. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधल्या जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. पुढे १९५९ मध्ये ब्रिटनच्या प्लॅट समितीने मुलांना भेटण्यावरची बंधने उठवावीत आणि आईला सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली. आपल्याकडे आई वॉर्डात असतेच. खाटेखाली चटई टाकून झोपते, भरवते, शी-शू काढते, औषध आणायला धावते. पण मूल सर्वांत जास्त घाबरते त्या वेळी, म्हणजे प्रोसिजर रूमच्या, ऑपरेशन थिएटरच्या, अतिदक्षता विभागाच्या दारात, आपण तिला थांबवतो. कारण विचारले तर ‘संसर्ग होईल’ किंवा ‘आई असली की मूल जास्त रडते’, असे उत्तर मिळते.

पहिल्या कारणाला आता मोठ्या अभ्यासाचे उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत एक चाचणी झाली. आपल्याकडचे केंद्र होते दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. एक किलो ते १,७९९ ग्रॅम वजनाच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवले. त्यासाठी नवजात अतिदक्षता विभागातच आईची खाट टाकली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या बाळांत २८ दिवसांच्या आत १५.७ टक्के दगावली, आईजवळ ठेवलेल्यांत १२ टक्के. मृत्यू चतुर्थांशाने घटले. जंतुसंसर्गाचा संशय आलेली बाळेही आईजवळच्या गटात कमी होती. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. मायेच्या जवळिकीला आपण अजूनही उपचाराबाहेरची गोष्ट समजतो, म्हणून हे आकडे आपल्यापुढे ठेवते आहे. आपल्या नवजात शिशु कक्षांची बांधकामे आणि दुरुस्त्या होतात, तेव्हा आराखड्यात आईची खाट कुठे असते, एवढे कृपया तपासून पाहा.

दुसरे कारण, आई असली की मूल जास्त रडते, हे मात्र मी उडवून लावणार नाही. नुसते आत येऊ दिल्याने भागत नाही, हे संशोधनही सांगते. भूल देताना पालक केवळ हजर असल्याने मुलांची भीती खात्रीने कमी होते, असे अभ्यासांतून दिसलेले नाही. ‘काही नाही होत, घाबरू नको’ हे आपण सगळेच म्हणतो. पण अशा धीराच्या शब्दांनंतर मुलांचा त्रास वाढल्याचे परदेशांतल्या अनेक अभ्यासांत नोंदले आहे. कॅनडातल्या संशोधकांनी मुलांनाच विचारले, तेव्हा कळले की धीर देणारा मोठा माणूस मुलांना जास्त घाबरलेला वाटतो. म्हणजे आईला आत घ्यायचे तर तिने काय करायचे हे तिला आधी सांगायला हवे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या झीव केन यांच्या गटाने नेमके हेच केले. पालकांना आधी चित्रफीत दाखवली, मुलाचे लक्ष कसे वळवायचे ते शिकवले, भुलीचा मास्क घरी खेळायला दिला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या मुलांची भीती कमी होती, शुद्धीवर येतानाचा आकांत कमी होता, वेदनाशामक कमी लागले आणि ती रिकव्हरी रूममधून लवकर बाहेर पडली. जो विभाग खाटांची टंचाई मोजतो, त्याला यातली शेवटची गोष्ट तरी कामाची वाटेल.

सुईबद्दल तर पुरावा भरपूर आहे. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ५९ चाचण्या एकत्र तपासल्या. लक्ष दुसरीकडे वळवणे आणि श्वासाचे खेळ, म्हणजे फुगा, फुंकर, साबणाचे फुगे, यांनी वेदना किंवा भीती कमी होते असे त्यात दिसते. पुराव्याचा दर्जा फार उंच नाही, हेही त्या आढाव्यात स्पष्ट म्हटले आहे. तरी फुगा फुगवायला लावल्याने कोणाचे नुकसान होत नाही. तान्ह्या बाळाला सुई टोचताना अंगावर पाजावे किंवा साखरपाणी जिभेवर द्यावे, मोठ्या मुलाला आडवे न दाबता आईच्या मांडीवर तिच्या कुशीत बसवावे, वेळ असेल तेव्हा तासभर आधी बधिरतेचे मलम लावावे. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका बालरुग्णालयाने या साध्या गोष्टी प्रत्येक मुलाच्या प्रत्येक सुईसाठी सक्तीच्या केल्या. माझ्या मते त्यात एक नियम आपण आपला घालावा: मुलाच्या स्वतःच्या खाटेवर सुई टोचायची नाही. वॉर्डात एक तरी जागा त्याला निर्धास्त झोपायला हवी.

आता मेळघाट आणि नंदुरबारबद्दल. तिथल्या पोषण पुनर्वसन केंद्रांत कोरकू किंवा भिली बोलणारे मूल येते, तेव्हा भोवतालची मराठी त्याला आणि कित्येकदा त्याच्या आईलाही परकी असते. अतितीव्र कुपोषणाच्या उपचाराच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा पायऱ्या या केंद्रांना ठाऊक आहेत. त्यांतली नववी पायरी आहे खेळ, उत्तेजन आणि भावनिक आधार. रोज १५ ते ३० मिनिटे, ठरवून. हा सल्ला हवेतून आलेला नाही. जमैकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी कुपोषणाने दाखल झालेल्या मुलांना रुग्णालयात आणि पुढे घरी जाऊन खेळ शिकवले. रुग्णालय सोडून चौदा वर्षे झाली तरी त्या मुलांच्या बुद्धीच्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसत होता. पोषण केंद्रातला आहार ग्रॅममध्ये मोजून रोज लिहिला जातो. मूल किती वेळ खेळले, कोणासोबत, कोणत्या बोलीत, हेही त्याच नोंदवहीत लिहिले जावे. गावातली कोरकू किंवा भिली बोलणारी एखादी ताई मानधनावर घेतली, तर केंद्र सोडून मध्येच निघून जाणाऱ्या आयांपैकी काही जणी तरी थांबतील, असे मला वाटते.

भिंतींवर चित्रे रंगवणारे, बालदिनाला खेळणी वाटणारे लोक आमच्याकडे येतात. मुले हरखतात, आम्हीही त्यांचे आभारी असतो. पण खेळण्यांचे कपाट दुसऱ्या दिवशी कुलपात जाते, कारण ते उघडायची जबाबदारी कोणाची नसते. माझ्यासारखे समाजसेवा अधीक्षक पदावर आहेत. आमचा दिवस रेशनकार्डावर मुलाचे नाव नाही, आधार जुळत नाही, महात्मा फुले योजनेची मंजुरी अडली, यात जातो. ते काम सोडून चालणार नाही, कारण त्यावाचून शस्त्रक्रियाच होत नाही. म्हणून वेगळे माणूस हवे: मुलाला त्याच्या वयाच्या भाषेत उद्या काय होणार ते सांगणारे, आईला तयार करणारे, प्रोसिजरच्या वेळी आत उभे राहणारे आणि घाबरणे हाताबाहेर गेलेल्या मुलाला वेळेत मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणारे. अमेरिकेत असे प्रशिक्षित कर्मचारी अनेक दशके बालरुग्णालयांत आहेत, आणि तिथली बालरोगतज्ज्ञांची संघटना त्यांना उपचाराचा आवश्यक भाग मानते. आपल्याकडे मानसशास्त्र आणि समाजकार्याच्या पदवीधर मुली काम शोधत आहेत. त्यांच्यासाठी पद आणि अभ्यासक्रम तयार करणे आपल्या हातात आहे.

माझी मागणी मोठी नाही. एका वैद्यकीय महाविद्यालयात आणि एका जिल्हा रुग्णालयात, सहा महिन्यांसाठी, असे एकेक पद भरा. मुलाच्या वेदनेचा अंक तापमान-नाडीच्या शेजारी केसपेपरवर लिहायला लावा. बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी चेहरा, पाय आणि रडणे पाहून तो काढण्याची पद्धत अनेक वर्षे वापरात आहे. किती मुलांना धरून ठेवावे लागले, किती वेळा सुई पुन्हा टोचावी लागली, किती पालक न सांगता घेऊन गेले, हे आधी आणि नंतर मोजा. आकडे सुधारले नाहीत तर पद रद्द करा. सुधारले तर पुढच्या अर्थसंकल्पात त्याची तरतूद करा.

जिल्हा शल्यचिकित्सकांना मात्र यासाठी शासन आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. प्रोसिजर रूममध्ये आईसाठी एक खुर्ची ठेवायला आपली सही पुरेशी आहे. लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
शासकीय बालरुग्ण विभागातील एक समाजसेवा अधीक्षक