मीरा-भाईंदर : केस तुटले की दोष पाण्याला, रक्त मात्र कुणी तपासत नाही

भाईंदर : चाळिशी ओलांडलेल्या चार बायका एकत्र बसल्या की मीरा-भाईंदरमध्ये एक तक्रार हमखास निघते. केस झाडूच्या काड्यांसारखे झालेत, फणी फिरवली की तुकडे पडतात, वेणी निम्म्यावर आली. कारणही ठरलेलं असतं, ते म्हणजे पाणी. गावाकडून लग्न होऊन इथं आलेली बाई माहेरी चार दिवस न्हाते आणि "तिकडं केस कसे मऊ होतात" असं येऊन सांगते. तिच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कारण नळात नाही, अंगात असतं. तेच तपासायचं राहून जातं.

आधी पाण्याचं बघू. शहराला नळाचं पाणी मिळतं ते मुख्यतः स्टेम आणि एमआयडीसीकडून. हे पाणी नदी-धरणाचं, त्यामानाने मऊ. पण ते पुरत नाही. मग टँकर येतो, नाहीतर सोसायटीची बोअर सुरू होते. भाईंदर हे खाडी, समुद्र आणि मिठागरांच्या मधलं गाव. इथल्या जमिनीखालचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट आणि जड. सूर्या प्रकल्पाच्या 403 दशलक्ष लिटरपैकी 218 दशलक्ष लिटर पाणी मीरा-भाईंदरच्या वाट्याचं आहे. वसई-विरारला पहिल्या टप्प्याचं पाणी आधी पोहोचलं, मीरा-भाईंदरची तारीख मात्र पुढे पुढे जात राहिली. हे पाणी पालघर जिल्ह्यातल्या धामणी धरणाचं, आणि तिथल्या शेतकऱ्यांचा ते शहराकडे वळवायला विरोध होता, हेही इथं विसरून चालत नाही.

जड पाणी म्हणजे ज्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार एक लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला धरतात. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. प्रयोगशाळेत न जाताही अंदाज येतो. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढतात, गिझरची कॉइल लवकर जाते. अशा पाण्यात साबण लावला की त्याचा चिकट थर केसावर बसतो. केस खरखरीत होतो, गुंततो आणि विंचरताना तुटतो. पण जड पाण्यामुळे केस मुळातून गळतात, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

अनेक घरांत पाण्यात तुरटी फिरवतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही. उकळून थोडासा कमी होतो, सगळा नाही. त्यापेक्षा सोपं म्हणजे केसाला अंगाचा किंवा कपड्याचा साबण अजिबात लावू नये. शिकेकाई-रिठा किंवा साधा शाम्पू वापरावा आणि शेवटचे दोन तांबे तरी नळाच्या नाहीतर पावसाच्या पाण्याचे घ्यावेत. उत्तन, चौक, पालीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांना पाण्याच्या जोडीला ऊन आणि खारा वाराही असतो. डोक्याला सुती फडकं बांधायची तिथली जुनी सवय केसांसाठी बाटलीतल्या सिरमपेक्षा कमी कामाची नाही.

आता दुसरा अर्धा भाग. केस 'तुटतो' आणि केस 'गळतो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फणीतला केस उजेडात धरून बघावा. टोकाला पांढरट बारीक गाठ असेल तर तो मुळातून आलाय. आखूड तुकडा असेल, गाठ नसेल, तर तो मधेच तुटलाय. दिवसाला 50 ते 100 केस मुळातून जाणं नेहमीचंच. तुकडे जास्त असतील तर पाणी, ऊन, रंग, पार्लर यांच्याकडे बघायचं. गाठीवाले केस मूठभर जात असतील तर रक्ताकडे बघायचं. दोन्ही एकदम होत असेल, आणि पंचेचाळिशीच्या आसपास बहुतेक वेळा तसंच होतं, तर दोन्हीकडे.

सगळा दोष पाण्यावर ढकलला की काय होतं, ते बुलढाण्याने दाखवलं. डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत जाऊन टक्कल पडू लागलं. पहिला संशय पाण्यावर आणि शाम्पूवर. दिल्लीहून आयसीएमआरची पथकं आली. पुढे महाडचे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून घेतले, तेव्हा बोट रेशनच्या गव्हाकडे गेलं. गव्हात सेलेनियम हे खनिज फार जास्त आणि रुग्णांच्या रक्तातही जास्त, असा त्यांचा निष्कर्ष होता. एप्रिल 2025 मध्ये त्याच भागातून नखं गळाल्याच्या तक्रारी आल्या. मीरा-भाईंदरचा प्रकार तसा नाही, इथं साथ नाही. पण केस गेले म्हणून नुसतं पाणीच तपासत बसलं असतं तर शेगावात ताटाकडे कुणी बघितलंच नसतं.

मध्यमवयात अंगात नेमकं काय बदलतं? आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी थांबते. त्याआधीची तीन-चार वर्षं इस्ट्रोजेन खाली-वर होत कमी होतं. टाळूला सुटणारं नैसर्गिक तेल घटतं, नवा येणारा केस बारीक येतो, वाढायचा काळ आखडतो. इथपर्यंत वयाचा भाग. पण याच काळात अनेकींना पाळीत खूप जास्त रक्त जातं, दहा-दहा दिवस जातं. "आता जायची वेळ आलीय, असंच चालायचं" म्हणून ते सहन केलं जातं. रक्ताबरोबर लोह जातं आणि लोह कमी पडलं की केसांचा नंबर पहिल्यांदा लागतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना ॲनिमिया आढळला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर केसांचा विषय बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठावा लागतो.

दुसरं कारण थायरॉईड. ही ग्रंथी मंदावली की केस कोरडे आणि ठिसूळ होतात, त्वचा सुकते, वजन वाढतं, बद्धकोष्ठ होतं, थंडी जास्त वाजते, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं. यातली जवळपास प्रत्येक खूण 'वय झालं' या खात्यात टाकता येते, म्हणून बायका वर्षानुवर्षं तशाच राहतात. टीएसएच नावाच्या रक्ततपासणीत ती कळते आणि गोळीने आटोक्यात येते.

इथंच मोबाईलचा घोळ सुरू होतो. एकदा केस गळतीचा व्हिडिओ बघितला की पुढचे आठ दिवस तेल, गमी आणि गोळ्यांच्याच जाहिराती येतात. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत बायोटिन असतं. खाणंपिणं बरं असलेल्या माणसाला बायोटिनची कमतरता क्वचितच असते, त्यामुळे फायदा यथातथाच. तोटा मात्र होऊ शकतो. जास्त बायोटिन पोटात असताना थायरॉईडची रक्ततपासणी केली तर काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत आकडे चुकीचे येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्येच तसा इशारा दिला होता. म्हणजे केसांसाठी घेतलेली गोळी केस जाण्याचं खरं कारणच झाकून टाकू शकते. रक्त द्यायला जाताना अशी गोळी चालू असेल तर ती आधी सांगायला हवी. डॉक्टर काही दिवस ती थांबवायला सांगतात. टक्कल घालवतो, नवे केस उगवतो असे दावे औषधाच्या नावावर करायला आपल्या औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टात मनाई आहे. जाहिराती तरीही धडाक्यात चालू आहेत, हा भाग वेगळा.

पार्लरचंही बोलायला हवं. कोरडे केस झाकायला केराटिन किंवा स्मूथनिंग करून घेतात, लग्नसराईत तर जास्तच. काही क्रीममध्ये फॉर्मल्डिहाइड असतं, काहींत त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक ॲसिड. 2024 मध्ये एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्सच्या डॉक्टरांनी 26 वर्षांच्या तरुणीची केस मांडली. केस सरळ करून घेतल्यानंतर तीन वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली होती आणि त्या क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड होतं. प्रत्येकीला असं होत नाही. पण डब्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला पार्लरवालीला सांगायला लाजायचं कारण नाही. 'काळी मेंदी'चंही तसंच. पानांची मेंदी लालसर-केशरी रंगते. पाकिटातली मेंदी लगेच काळीभोर होते, कारण तिच्यात रसायन असतं. टाळूला खाज किंवा सूज येत असेल तर ती बंदच करावी.

तपासणी फार मोठी नाही. हिमोग्लोबिन आणि टीएसएच या दोन रक्ततपासण्या, आणि जमलं तर फेरिटिन. हिमोग्लोबिन 12 च्या वर असलं तरी साठवणीतलं लोह संपलेलं असू शकतं, ते फेरिटिनमध्ये कळतं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, ज्याला लोक टेंभा म्हणतात. शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या गावांना प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ. थायरॉईडची सोय प्रत्येक केंद्रात असेलच असं नाही. नसेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्यावी. तिथं गेल्यावर "केस जातात" एवढंच सांगितलं तर बहुतेकदा मल्टीव्हिटॅमिनची पट्टी हातात मिळते. पाळीत किती दिवस आणि किती रक्त जातं, दम लागतो का, वजन वाढलंय का, कोणती गोळी चालू आहे, हे सगळं एकदमच सांगावं.