गजकर्णाची चाचणी चैन नव्हे



गजकर्णासाठी प्रयोगशाळेची चाचणी म्हणजे खिशाला नाहक चाट, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पहिल्या चट्ट्यापुरते ठीक आहे. घाटकोपर-अंधेरीच्या दमट खोल्यांत घरभर फिरणाऱ्या, गोळ्या संपताच उलटणाऱ्या गजकर्णाला ते लागू पडत नाही.

गजकर्णाला कारण ठरणारी 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' ही बुरशी २०२० साली जपानमधल्या भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदली गेली. गजकर्णावरचे टर्बिनाफिन हे औषध बुरशीतल्या ज्या विकराला रोखते, त्याच्याच जनुकात हिच्या अनेक वाणांत बदल झालेला असतो. गोळी मग कितीही घ्या.

कोणते औषध लागू पडेल, हे चाचणीतून कळते. तिच्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये औषधाची मात्रा खळग्यागणिक निम्मी होत जाते. बुरशीची वाढ कुठे थांबली, ते काही दिवसांनी पाहतात.

उपनगरांतल्या पालिका रुग्णालयांत किमान गजकर्ण उलटलेल्या रुग्णांसाठी तरी ही सोय व्हायलाच हवी.