तिरंग्यातला त्याग कोणाच्या वाट्याला?



दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात आपली पोरे घोकून म्हणतात, भगवा म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी. हा त्याग कोणी करायचा, ते मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

२२ जुलै १९४७ ला घटना समितीने झेंडा मंजूर केला. ठरावात रंग होते, रंगांचे अर्थ नव्हते. ते त्याच दिवशी डॉ. राधाकृष्णन यांनी भाषणात उलगडले. भगव्यातला त्याग त्यांनी पुढाऱ्यांना सांगितला, स्वतःच्या लाभाकडे पाठ फिरवून कामाला वाहून घ्यायचे. पांढरा म्हणजे सत्याच्या वाटेवरचा उजेड. हिरवा म्हणजे मातीशी आणि साऱ्या जिवांना जगवणाऱ्या झाडपाल्याशी नाते. म्हणजे एक पट्टा सरळ शिवाराचा.

कापूसही या झेंड्याला परका नाही. आधीच्या तिरंग्याचा आराखडा करणारे आंध्रचे पिंगली वेंकय्या कंबोडिया कापसावर काम करीत. लोक त्यांना ‘पत्ती वेंकय्या’ म्हणत. तेलुगूत पत्ती म्हणजे कापूस. पुढे झेंडा खादीचाच, असा नियम राहिला. आपल्या नांदेडने झेंड्याची खादी विणली. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावरचा, पॉलिस्टरचा झेंडाही चालू लागला. पॉलिस्टर निघते खनिज तेलातून, आणि ते तेल बहुतेक परदेशातून येते.

झेंड्यांना लागून लागून कापूस लागणार किती? त्याने मालेगाव-नांदगावचा भाव चढला नसता, हे आम्हालाही कळते. पण वारा कुठला वाहतो ते झेंड्यावरूनच कळते. २०२५ साली १५ ऑगस्टला झेंडे फडकले आणि १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमके आपल्या वेचणीचे दिवस! त्याआधी ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यातच बंद केली होती. आपला माल बाहेर जाऊ लागला की दार बंद, आपला माल घरात आला की परक्या मालाला दार उघडे. आपल्या वडिलांनी ज्वारीची लेव्ही घातली, तीही देशासाठीच. त्याग सांगितला पुढाऱ्यांना, करतो आहे कोरडवाहू शेतकरी.

झेंड्यापुढे आपण मान झुकवतो, झुकवत राहू. म्हणूनच त्याच्या रंगांचा हिशेब मागायचा हक्क आपला आहे.

येत्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. एक, पंचायतीवर आणि शाळेवर झेंडा सुती खादीचाच लागेल. दोन, वेचणीच्या हंगामात कापसाचे आयातशुल्क माफ होऊ नये आणि निर्यातीला कधीही आडकाठी नसावी. ठरावाची प्रत नाशिकला जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या आणि ती पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. कोणत्या गावाची पोच आली, कोणत्या गावाची राहिली, याचा हिशेब तिथे सगळ्यांसमोर मांडू.