सव्वापाच इंचांचा कायदा

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर 2023 मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार 135 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे ढोबळमानाने सव्वापाच इंचांपेक्षा, आखूड पापलेट पकडणे नियमबाह्य आहे. बोंबलासाठी ही मर्यादा 180 मिलिमीटर, सुरमईसाठी 370 मिलिमीटर अशी असून एकंदर 54 जातींच्या मासळीचे किमान आकारमान या अधिसूचनेने ठरवून दिले आहे. त्याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर 2023 मध्ये, पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला होता. मान देण्यास फारसे काही लागत नाही. मात्र किती लहान पापलेट ताटात येऊ द्यायचे नाही, हे एकदा लिहून ठेवले की ते मोजणार कोण, कुठे आणि कशाने, या प्रश्नांची उत्तरे देणे भाग पडते. श्रावण, गणपती आणि नवरात्र उरकून कल्याण-डोंबिवलीच्या मासळी बाजारांत पुन्हा गर्दी होते, त्या दिवसांत प्रसिद्ध होणाऱ्या दिवाळी अंकाने समुद्राच्या कायद्याची चर्चा करावी, यात म्हणूनच वावगे काही नाही.

कल्याणला आज समुद्र दिसत नसला, तरी हे शहर मुळात बंदराचे आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत, ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात हे बंदर येते आणि 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर मराठ्यांच्या आरमाराची उभारणी याच खाडीकाठी सुरू झाली. पुढे उल्हास खाडी गाळाने भरत गेली, काठावरच्या कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याने खाडीतली मासेमारी क्षीण झाली आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा झाईपासून डहाणू, सातपाटी, अर्नाळा आणि वसईपर्यंतचा किनाराही ठाणे जिल्ह्यातून गेला. खुल्या समुद्राशी जिल्ह्याचा संबंध आता मुख्यतः भाईंदरजवळच्या उत्तन परिसरापुरता उरला आहे. कल्याणकर खातो ती मासळी ससून डॉक, भाऊचा धक्का किंवा थेट गुजरातच्या बंदरांतून, बर्फाच्या ट्रकमधून वा लोकलच्या मालडब्यातून येते. त्यामुळे समुद्रात काय चालले आहे हे त्याला कळते ते फक्त भावावरून.

भारतात मासेमारीच्या नियमनाचा अधिकार किनाऱ्यापासूनच्या अंतरानुसार विभागला गेला आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यसूचीत, तर प्रादेशिक जलधीपलीकडील मासेमारी हा विषय संघसूचीत आहे. प्रादेशिक जलधी म्हणजे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचे, सुमारे 22 किलोमीटर रुंदीचे पाणी. त्यापलीकडे 200 सागरी मैलांपर्यंत जे अनन्य आर्थिक क्षेत्र आहे, त्यातील साधनसंपत्तीवर 1976 च्या सागरी क्षेत्रविषयक केंद्रीय कायद्याने भारताचा हक्क सांगितला. परदेशी नौकांना त्या क्षेत्रात आवर घालणारा कायदा 1981 मध्येच झाला. मात्र भारतीय नौकेने बाराव्या मैलापलीकडे काय करावे आणि काय करू नये, याविषयी सर्वंकष नियमांची पोकळी पुढे कित्येक वर्षे राहिली. पापलेटचा थवा अर्थातच ही रेषा पाळत नाही, आणि तिचा लाभ कसा घ्यायचा हे मोठ्या नौकांच्या मालकांना पक्के ठाऊक असते.

राज्याचा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा आहे आणि त्याचा जन्म कोणत्या परिस्थितीत झाला हे पाहिल्याशिवाय त्याच्या उणिवा नीट समजत नाहीत. सत्तरच्या दशकात समुद्राचा तळ खरवडत जाळे ओढणाऱ्या यांत्रिक ट्रॉलर नौका किनाऱ्यालगत येऊ लागल्या, गोव्यात पारंपरिक रापणकार मच्छीमारांनी त्यांच्याविरुद्ध मोठे आंदोलन उभारले, इतर राज्यांतही चकमकी झडल्या आणि केंद्राने राज्यांसाठी नमुना विधेयक तयार केले. त्यावरून गोवा आणि केरळ यांनी 1980 मध्ये, तर महाराष्ट्राने पुढच्याच वर्षी कायदा केला. पारंपरिक मच्छीमारांचे हितरक्षण, मत्स्यसंवर्धन आणि समुद्रातील कायदा-सुव्यवस्था ही तिन्ही उद्दिष्टे त्यात नोंदवलेली असली, तरी प्रत्यक्षात तो बराच काळ तिसऱ्या उद्दिष्टाचाच कायदा राहिला. नियमभंगाचा निवाडा तहसीलदाराकडे होता आणि दंड मुख्यतः नौकेवर सापडलेल्या मासळीच्या किमतीच्या पटीत आकारला जाई, त्यामुळे मासळी वेळीच उतरवून टाकली की दंडही हलका होई. शेतजमिनीच्या बांधावरून होणाऱ्या भांडणासारखे समुद्राचे भांडण मिटवावे, ही त्यामागची समजूत होती.

2021 च्या दुरुस्तीने हे चित्र बरेच बदलले. निवाड्याचा अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांकडे आला, पर्ससीन जाळ्याच्या अवैध वापरासाठी 1 ते 6 लाख रुपये आणि एलईडी दिव्यांच्या साहाय्याने केलेल्या मासेमारीसाठी 5 ते 20 लाख रुपये असा दंड ठरला. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याभोवती भिंतीसारखे जाळे फिरवून, खालची दोरी बटव्याच्या नाडीप्रमाणे ओढून सबंध थवा एका वेळी उचलण्याची पद्धत. प्रखर दिव्यांनी थवा आधी पृष्ठभागाशी गोळा केला, तर या जाळ्यातून सहसा काही सुटत नाही. पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या शिफारशींनंतर फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने झाई ते मुरुड या पट्ट्यात पर्ससीनला मज्जाव झाला, उरलेल्या किनाऱ्यावर ती सप्टेंबर ते डिसेंबरपुरती मर्यादित झाली आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने 182 वर आणण्याचे ठरले. जानेवारी 2025 पासून उत्तनसह किनाऱ्यावरील काही ठिकाणांहून ड्रोनद्वारे टेहळणीही सुरू झाली आहे. ड्रोनला नौका दिसते, तिचे जाळे दिसते, क्वचित तिचा क्रमांकही दिसतो; जाळ्यातल्या माशाची लांबी त्याला दिसत नाही.

या सर्व तरतुदींत एक गोष्ट समान आहे. नौका किती, जाळे कोणते, त्याचा आस (छिद्राचा आकार) केवढा, दिवस कोणते, हे सारे त्या ठरवतात. एका वर्षात एकूण किती मासळी समुद्रातून काढावी, हे मात्र कुठेच ठरत नाही. जगात दुसरी रीतही रूढ आहे. अमेरिकेने 1976 च्या आपल्या कायद्यात 2006 मध्ये सुधारणा करून प्रत्येक व्यवस्थापित मत्स्यसाठ्यासाठी वार्षिक पकडीची कमाल मर्यादा बंधनकारक केली आणि आइसलँडने नौकांना पकडीचे हस्तांतरणीय वाटे दिले. कॅनडाने न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाला अशाच वाट्यांच्या कोष्टकात बसवले होते, पण साठ्याचा अंदाजच चुकीचा निघाल्याने जुलै 1992 मध्ये ती मासेमारी बंद करण्याची वेळ आली आणि हजारो माणसे एका दिवसात बेकार झाली. एकेका जाळ्यात पाच-पंचवीस जाती एकदम येतात आणि नौका असंख्य लहान धक्क्यांवर लागतात, अशा कोकण किनाऱ्यावर ती पद्धत जशीच्या तशी उचलणे व्यवहार्य नाही. तथापि मोजमापाशिवाय चाललेले नियमन म्हणजे अंदाजपंचे कारभार हेही तितकेच खरे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींनुसार महाराष्ट्राची सागरी पकड 2018 मधील सुमारे 2.95 लाख टनांवरून 2019 मध्ये 2.01 लाख टनांवर घसरली. त्या वर्षी अरबी समुद्रात वादळे लागोपाठ आली आणि नौका दिवसेंदिवस बंदरात अडकल्या, म्हणून सगळा दोष अतिमासेमारीच्या माथी मारता येत नाही. पण कोणता दोष किती, हे सांगण्याजोगी व्यवस्थाच नसावी हा त्याहून मोठा दोष आहे.

दिवसांचे नियमन त्या मानाने जुने आणि लोकांच्या अंगवळणी पडलेले आहे. पावसाळ्यात नौका शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा दर्यात जायचे, हा कोळी समाजाचा रिवाज कायद्याच्या कितीतरी आधीचा. आता केंद्राच्या धोरणानुसार पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून. पारंपरिक मच्छीमारांच्या अनेक संघटना ही बंदी ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाढवा असे मागत आल्या आहेत, कारण पावसाळ्यानंतर लगेच समुद्रात उतरले की वाढ न झालेले पापलेट मोठ्या प्रमाणावर सापडते. बंदी वाढवा असे ज्यांचे पोट त्यावर अवलंबून आहे तेच म्हणतात आणि शासन मात्र कमी दिवसांवर समाधानी राहते, ही परिस्थिती विचार करण्यासारखी आहे. (आषाढातल्या ज्या गटारीला शहरांत मासळीसाठी झुंबड उडते, ती अनेकदा या बंदीतच येते, त्या दिवशीचे ‘ताजे’ पापलेट कुठले असते याची चौकशी कोणी करत नाही.)

दोषाचे खापर फक्त पर्ससीन आणि ट्रॉलर यांच्यावर फोडून हा विषय संपत नाही, आणि इथे किनाऱ्यावरच्या चळवळींनाही अवघड वाटणारा भाग सुरू होतो. वसई-उत्तनकडची डोल ही पिशवीसारखी निमुळती होत गेलेली जाळी समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर जे वाहत येईल ते तिच्यात शिरते. बोंबील, मांदेली, करंदी आणि जवळा ही तिची मासळी. वलांड्यांवर वाळणारे बोंबील तिच्यातूनच येतात. जवळा पूर्ण वाढला तरी नखाएवढाच राहतो, म्हणून त्याच्यासाठी जाळ्याच्या टोकाचा आस बारीक लागतो, आणि त्या बारीक आसातून पापलेटचे पिल्लूही सुटत नाही. ट्रॉलरच्या जाळ्याला 40 मिलिमीटरचा चौकोनी आस सक्तीचा करता येतो, तोच डोलीला लावला तर जवळ्याची मासेमारीच संपेल. डोलीसाठी खुंट रोवून समुद्रातली जागा धरण्याला ‘कव मारणे’ म्हणतात आणि या कवींच्या हद्दीवरून वसई-उत्तनकडचे डोलवाले आणि सातपाटी-डहाणूकडचे पापलेटच्या जाळ्यांचे मच्छीमार यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. दोन्ही बाजू लहान, दोन्ही पारंपरिक. लहान विरुद्ध मोठा या सोयीच्या मांडणीत हा वाद बसत नाही. त्याचा निवाडा करायचा तर पिल्लांच्या वावराचे महिने आणि जागा ठरवून तेवढ्यापुरती बारीक आसाची डोल उचलून घ्यावी लागेल आणि त्या काळातील नुकसान भरून द्यावे लागेल. निव्वळ दंडाच्या कोष्टकाने ते साधणार नाही.

बाराव्या मैलापलीकडची पोकळी भरून काढण्याचा प्रयत्न केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम अधिसूचित करून केला. एलईडी दिवे आणि दोन नौकांनी मिळून ओढायचे जाळे यांवर केंद्राने 2017 मध्येच घातलेली बंदी त्यांत कायम आहे, यांत्रिक नौकांना प्रवेशपत्र घ्यावे लागते आणि सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. कर्नाटकातील मलपीच्या वेगवान ट्रॉलरांविषयी मालवण-देवगडचे मच्छीमार जी तक्रार करतात, तिला आता निदान दाद मागण्याची जागा मिळाली. अंमलबजावणी तटरक्षक दल आणि राज्ये यांच्यात कशी वाटली जाते, यावर पुढचे अवलंबून राहील.

किमान आकारमानाचा नियम या साऱ्यांत वेगळा आहे, कारण तो तपासण्यासाठी समुद्रात जावे लागत नाही. एकदाही अंडी न घातलेला मासा पकडणे म्हणजे बियाणे दळून खाणे, हे त्यामागचे साधे शास्त्र. आणि मासा किनाऱ्यावर, लिलावात, ट्रकमध्ये किंवा बाजारात कुठेही असला, तरी त्याची लांबी तेवढीच राहते. मात्र मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना अधिकारी बंदरावर असतो आणि बाजार महापालिकेच्या अखत्यारीत येतो. मासळी बाजारांच्या परवान्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या महापालिकेने घाऊक विक्रेत्याच्या परवान्यात आकारमानाची अट घातली, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. टोपली घेऊन बसलेल्या कोळिणीवर कारवाई करून काही साधणार नाही. तिने ठरवलेला माल तो नसतो, तिला मिळालेला असतो. तपासणी व्हायला हवी ती त्याआधीच्या टप्प्यावर, आणि तिथे पट्टी आधीपासूनच लावली जाते, फक्त वेगळ्या कारणासाठी. सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्था पापलेट घेताना वजनानुसार प्रतवारी करतात आणि प्रत्येक प्रतीचा भाव वेगळा असतो, म्हणजे लहान पापलेट किती आले याची नोंद त्यांच्या वह्यांत होतच असते. सर्वांत खालच्या प्रतीची खरेदीच बंद करण्याचा ठराव संस्थांनी करावा आणि त्यामुळे सभासदांना येणारी तूट शासनाने पहिली काही वर्षे सोसावी, असा करार ड्रोनच्या ताफ्यापेक्षा स्वस्त पडेल.