तो ओटीपी मीच दिला होता

दुपारी स्लॅबचं काँक्रीट चालू होतं. गावाकडून पोराचा फोन आला, "पप्पा, तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा ना." सांगितला आणि कामाला लागलो. कशासाठी, ते विचारलंही नाही.

तीन महिन्यांनी कळलं, त्या ओटीपीवर माझी जन्मतारीख टाकून एका गेमचं खातं उघडलं होतं. पोरगा १३ वर्षांचा. चॅटवर त्याला एक 'दादा' भेटला. आधी गेममधली नाणी दिली, मग फोटो मागितला, आणि फोटो मिळाल्यावर धमक्या. पोरगं चार दिवस नीट जेवलं नाही. बोललं का नाही? तर "पप्पा फोन काढून घेतील."

भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती हवी असं म्हटलंय. पण आपल्यासारख्या घरांत संमती म्हणजे काय? बाप दुबईत, आई शेतात, फोन पोराच्या हातात. संमती म्हणजे तोच ओटीपी.

आपण सगळे साइटवरची माणसं. माणूस पडू नये म्हणून आधी कडेला रेलिंग लावतो, भोकं झाकतो, बेल्ट त्यानंतर. नुसता बेल्ट देऊन "सांभाळून राहा" म्हणालो, तर सेफ्टीवाला काम बंद करेल. इंटरनेट कंपन्या मात्र आईबापांच्या हातात नुसता बेल्ट देतात.

रेलिंग कंपनीनेच लावली पाहिजे. लहान मुलाला अनोळखी माणसाचा मेसेज मुळात जाऊच नये. तक्रार मराठीत करता यावी आणि ती माणसाने वाचावी. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी कायद्याने ही जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. चुकलं तर जगभरातल्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडेही असा धाक हवा.

कुणी म्हणेल, मग सगळ्यांचीच कागदपत्रं तपासा. तेही नको. आपला पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असला की काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. वय तपासा, पण कागद साठवू नका.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. पोराने सांगितलं तर आधी ओरडू नका. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. घरच्यांना १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करायला सांगा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. आणि कॅम्पच्या ग्रुपवर लहान मुलांचा तसला व्हिडिओ आला तर 'मी कुठे बनवला' म्हणू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, तो जवळ ठेवणं हाही गुन्हा ठरतो. त्या व्हिडिओतलं पोरही कुणाचं तरी आहे.

आज रात्री घरी फोन कराल तेव्हा पैसे पोचले का, एवढंच विचारू नका. पोराला विचारा, "हल्ली कुणाशी खेळतोस रे?" मी तीन महिने उशिरा विचारलं.